फुसकी

कॅम्प नं. ३ ला आमच्या बराकीत दिवाळीत रिंगवाल्या टिकल्यांची रिव्हॉल्व्हर म्हणजे काय शान! एकदा टिकली फुसकी निघाली. मी नळीला डोळा लावला, तोच शेजारचे काका ओरडले, "गाढवा, नळी खाली कर!" काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. मग लेक्चर. प्रायमर पुरता आत बसला नसेल, तर घोड्याचा पहिला ठोका त्याला ढकलण्यातच वाया जातो. पण कधीकधी तो उशिरा पेटतो. तेवढ्यात पुन्हा चाप ओढला तर सिलिंडर फिरतो, आणि काडतूस नळीसमोर नसतानाच उडतं. म्हणून नळी समोर धरून ३० सेकंद थांबायचं.

गेल्या वर्षी एनसीसी फायरिंगला माझी पॉइंट टू-टू 'टक्' करून गप्प! हात बोल्टकडे निघालाच होता. काका आठवले. हात वर केला, ३० मोजले. जाम लांब असतात हो!