मुंगीच्या पावलांनी

कोपर दाराच्या चौकटीवर आपटले म्हणजे थेट करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव तुम्ही सर्वांनीच घेतला असेल. मार बसतो कोपराला आणि कळवळते करंगळी, हे कसे घडते? कोपराच्या आतल्या बाजूस हाडाचा एक उंचवटा आहे. त्याच्या मागच्या खोबणीतून एक मज्जातंतू पंजाकडे उतरतो. दंडात आणि हातात तो मांसाखाली सुरक्षित असतो. कोपरापाशी मात्र तो अगदी कातडीलगत येतो. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना झालेला स्पर्श मेंदूला कळवावा आणि मेंदूची आज्ञा पंजातील बहुतेक लहान स्नायूंना पोचवावी, अशी दोन्ही कामे त्याच्याकडे आहेत.

या मज्जातंतूची आणि माझी ओळख जरा उशिराच झाली. लहानपणी बैलगाडी उलटून माझे उजवे कोपर मोडले होते. हाड जुळून आले, पण थोडे वाकडे जुळले. त्या वाकडेपणामुळे मज्जातंतू वर्षानुवर्षे ताणला आणि दाबला जात होता. तीस वर्षे त्याने ते सोसले आणि मग तक्रार सुरू केली. प्रथम करंगळीला मुंग्या येऊ लागल्या. पुढे ती बधिर झाली. बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव तालुक्यात, मी शिक्षक आहे. फळ्यावर लिहिताना खडू बोटांतून निसटू लागला. सदऱ्याची गुंडी लावायला आईला हाक मारावी लागे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग आटून तेथे खळगा पडला. एके दिवशी चहाचे पातेले उतरवताना करंगळी भाजली. पण ते मला कळले फोड आल्यावर! दुखले असते तर मी केवळ हात झटकला असता. दुखले नाही, म्हणून मला भय वाटले.

त्या वेळी मला अमरावतीच्या तपोवनाची आठवण झाली. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली कुष्ठरोग्यांसाठी उभारलेली ही संस्था आमच्या वऱ्हाडात सर्वांच्या परिचयाची आहे. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतात आणि कोपराजवळचा हाच मज्जातंतू त्यांच्या तावडीत वारंवार सापडतो. या रोगात बोटे आपोआप झडतात, असा पूर्वी समज होता. त्याच १९४६ साली पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक तमिळनाडूतील वेल्लोर येथे आले. बोटे आपोआप झडत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. वेदना कळत नसल्यामुळे भाजणे, कापणे, खरचटणे यांकडे रोग्याचे लक्ष जात नाही; जखमा चिघळतात आणि त्यांतच बोटांचा नाश होतो. वेदना ही देहाची राखणदार आहे, असे ते सांगत. आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. मला तो रोग नव्हता. पण माझ्या करंगळीचा राखणदारही झोपी गेला होता.

अकोल्याला तपासणी झाली. विजेचे सूक्ष्म धक्के देऊन मज्जातंतूतील निरोपाचा वेग मोजण्यात आला. निरोगी मज्जातंतूतून निरोप सेकंदाला ५० मीटरांहून अधिक वेगाने धावतो. माझा निरोप कोपरापाशी अडखळत होता. २०२२ च्या जून महिन्यात, मृगाच्या पहिल्या सरी येत असताना, माझ्यावर शस्त्रक्रिया झाली. शल्यचिकित्सकांनी मज्जातंतूवरचा दाब काढला आणि त्याला कोपराच्या मागून पुढे आणून ठेवले.

पट्टी निघाली, तेव्हा मी मोठ्या आशेने करंगळी हलवून पाहिली. ती पूर्वीसारखीच बधिर होती. माझा चेहरा पाहून डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, आम्ही फक्त वाट मोकळी केली आहे. चालायचे आहे ते मज्जातंतूलाच.”

मज्जातंतू म्हणजे हजारो सूक्ष्म धाग्यांची जुडी असते. त्यांतील काही धागे नुसते दबलेले होते. ते थोड्याच आठवड्यांत जागे झाले आणि अनामिकेला स्पर्श कळू लागला. पण पुष्कळसे धागे कोपराखाली वाळून गेले होते. त्यांची वेष्टने मात्र रिकाम्या नळ्यांसारखी शिल्लक होती. त्या नळ्यांतून नवे धागे वाढत जायचे होते आणि त्यांच्या वाढीचा वेग होता दिवसाला सुमारे एक मिलिमीटर! मी पट्टी घेऊन मोजले. कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंत ४० सेंटीमीटर भरले. म्हणजे एरवी ज्या वाटेवरून निरोप सेकंदाच्या शंभराव्या भागात जाऊन पोचतो, तीच वाट पुन्हा बांधायला चारशे दिवस लागणार होते. शिवाय स्नायूंनाही फार काळ थांबता येत नाही. वर्ष-दीड वर्षात धागे येऊन मिळाले नाहीत, तर ते कायमचे दुबळे होतात. ही शर्यत होती. पण तिच्यात धावता मात्र येत नव्हते.

माझी चुळबूळ आईच्या लक्षात आली. तिचे उभे आयुष्य कपाशीच्या शेतात गेलेले. ती म्हणाली, “पेरल्यापेरल्या बोंड फुटते काय, बापू?”

धागे कोठवर आले, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती डॉक्टरांनी दाखविली. मज्जातंतूच्या वाटेवर बोटाने हलकेच टिचक्या मारीत जायचे. वाढत्या टोकावर टिचकी पडली की करंगळीत मुंग्या येतात. ही खूण १९१५ साली दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. त्यांतील ज्यूल टिनेल फ्रेंच, तर पॉल हॉफमान जर्मन. पहिले महायुद्ध चालू होते आणि दोघांचे देश एकमेकांशी लढत होते. पण दोघेही जखमी सैनिकांवर उपचार करीत होते आणि दोघांच्या बोटांना एकच सत्य गवसले.

माझ्या मुलीला ही युक्ती फारच आवडली. दर महिन्याला ती टिचक्या मारी आणि मुंग्या आल्या त्या जागी शाईचा ठिपका देई. “बाबा, मुंगी कुठवर आली?” हा तिचा ठरलेला प्रश्न असे. दिवाळीला मुंगी कोपराखाली जेमतेम दहा सेंटीमीटर आली होती. गुढीपाडव्याला ती मनगटाजवळ पोचली. ज्या मुंग्यांना मी पूर्वी भीत होतो, त्यांचीच आता वाट पाहू लागलो.

या काळात हाताला स्वस्थ बसू देणे योग्य नव्हते. सांधे आखडू नयेत म्हणून डाव्या हाताने उजवी बोटे रोज सरळ करायची, ओले फडके पिळायचे, कापसातून सरकी वेगळी करायची. शाळेत मी डाव्या हाताने फळ्यावर लिहू लागलो. मुले आधी हसली. मग “गुरुजी, ‘क्ष’ बिघडला” असे सांगून मदत करू लागली. स्पर्श परतू लागल्यावर त्यालाही शिकवावे लागते. आई सुपात तूर, मूग, हरभरा आणि सरकी मिसळून ठेवी. मी डोळ्यांवर उपरणे बांधून करंगळीने एकेक दाणा ओळखू पाही. प्रथम सगळे दाणे सारखेच वाटत. अंगावरच्या लवीमुळे सरकी सर्वांत आधी ओळखू आली. मूग आणि तूर यांतला भेद कळायला मात्र कित्येक आठवडे लागले.

२०२३ च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलांचे खांदे शेकत होतो. हळद आणि लोणी चोळताना एकाएकी करंगळीच्या टोकाला बैलाच्या कातडीची ऊब लागली. मी हात तसाच ठेवून उभा राहिलो. चारशे दिवसांना दोन महिने वर झाले होते.

माझा हात पूर्ववत झालेला नाही. अंगठ्याजवळचा खळगा पूर्ण भरला नाही आणि करंगळी अजून अनामिकेला नीट चिकटत नाही. पण खडू निसटत नाही, गुंडी लावता येते आणि तापलेले पातेले मला लगेच सावध करते. वर्गात एखादे मूल अक्षर अक्षर लावून वाचत असते. शेजारचे त्याला शब्द सांगायला अधीर होतात. मी त्यांना हाताने थांबवितो. ओठ हलत आहेत, बोट ओळीवरून पुढे सरकत आहे. मूल वाटेत आहे, एवढे मला पुरते.