मार्कशीटची मागची बाजू

‘परदेशी शिक्षणाच्या वाटा’ असा लेख द्या, म्हणून संपादकांचा फोन आला, तेव्हा त्यांनी एक अटही घातली: आकडेमोड कमी, उमेद जास्त. उमेद देणारे पुष्कळ आहेत. कोल्हापुरात त्यांचे फलक चौकाचौकांत लागलेले असतात आणि हल्ली ते कागलच्या फाईव्ह स्टार एमआयडीसीच्या वाटेवरही दिसू लागलेत. हातात पासपोर्ट, तोंडभर हसू. मला आकडेमोडच येते, तेव्हा तीच करतो. वाचकांना कंटाळा आला तर मधला भाग सोडून द्यावा.

परदेशी प्रवेशाच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं याच वसाहतीतली. कुणी फौंड्रीत क्वालिटीला, कुणी मशीनशॉपला. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला गेलेली, मग दोन-तीन वर्षं शिफ्ट केलेली. वडील फर्नेसवर, नाहीतर मुरगूडकडचे ऊसवाले. ओढा जर्मनीकडे, आणि त्यात नवल नाही. फ्रायबर्गची खाण अकादमी 1765 सालची. तिथं आणि आखेनला फौंड्री या विषयाची स्वतंत्र संस्था आहे. आपल्याकडं जे काम पोरं बघून बघून शिकतात, त्याचं तिकडं शास्त्र शिकवतात.

गेल्या वर्षीची एक मुलगी मात्र डोक्यातून जात नाही. मेकॅनिकल, सीजीपीए 7.25. हुशार, कामाची माहिती पक्की. कास्टिंगचं रिजेक्शन का वाढलं हे तिनं मला जितकं नीट समजावलं, तितकं तिच्या साहेबांनाही जमलं नसतं. सरकारी विद्यापीठातल्या एका एमएस अभ्यासक्रमासाठी आम्ही अर्ज केला. तिथली मर्यादा होती 2.5.

जर्मनीत 1 म्हणजे उत्तम आणि 4 म्हणजे जेमतेम पास. आपले गुण तिकडच्या मापात बसवायला एक सूत्र आहे, बव्हेरियन म्हणतात त्याला. सर्वाधिक गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला सर्वाधिक आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. शाळकरी गणित आहे. पण किमान उत्तीर्ण गुण कुठले धरायचे? दहापैकी 4 धरले तर 7.25 चे होतात 2.37, म्हणजे मुलगी आत. 5 धरले तर 2.65, म्हणजे बाहेर. एआयसीटीईच्या जुन्या तक्त्यात 7.25 म्हणजे 65 टक्के. ते टक्के घेऊन 40 ला पास धरलं तर 2.75, आणखी बाहेर. पोरगी तीच, पेपर तेच, उत्तरं तीन. आणि यातलं कुठलं लागू होणार, हे मार्कशीटच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेल्या नियमावर ठरतं. ती बाजू कुणी वाचत नाही. झेरॉक्सवाला तर ती काढतच नाही.

तिच्या कागदावर दोन्ही आकडे होते: विषयात पास व्हायला 4, पदवी मिळायला सरासरी 5. विद्यापीठानं 5 धरले. कुठला आकडा कशासाठी, याचा खुलासा करणारं पत्र कॉलेजकडून हवं होतं. ‘असं पत्र आजवर कुणी मागितलं नाही’ हे उत्तर मिळालं, नंतर साहेब रजेवर, नंतर शिक्का सापडेना. पत्र आलं ते 15 जुलै उलटून गेल्यावर. हिवाळी सत्राचे अर्ज बहुतेक ठिकाणी त्याच तारखेला बंद होतात.

1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय मुलांना जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं झालं, तेव्हा पालकांना वाटलं आता सगळं एका खिडकीत आलं. तसं नाही. कागद खरे आहेत आणि मुलगा तिकडच्या प्रवेशाला पात्र आहे, एवढंच ते सांगतं. 2.37 की 2.65, हा वाद त्यानं मिटत नाही. फौंड्रीत वितळलेला धातू ओतायच्या आधी आपण स्पेक्ट्रोवर सँपल बघतो, तसं हे सूत्र अर्जाच्या आधी, शक्यतो तिसऱ्या वर्षालाच बघायला हवं. पण त्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं.

पैशाचं एकदा सांगूनच टाकतो. ‘शेजारचे फुकट करून देतात, तुम्ही फी कसली घेता?’ हा प्रश्न मला नेहमीचा आहे. फुकट कुणीच करत नाही. इंग्लंडमधली बरीच विद्यापीठं आणि जर्मनीतली खासगी कॉलेजं मुलाच्या पहिल्या वर्षाच्या फीतला हिस्सा एजंटला देतात. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं काही देत नाहीत. मग फुकटच्या टेबलावर फ्रायबर्गचं नाव निघेल कशाला? तो माणूस खोटं बोलतो असं नाही. त्याच्या यादीत ते नावच नसतं.

आणि ‘जर्मनीत शिक्षण मोफत’ ही दुसरी दंतकथा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना सत्राला 1500 युरो लागतात. शिवाय व्हिसासाठी 11,904 युरो एका गोठवलेल्या खात्यात आधी भरावे लागतात, महिन्याला 992 याप्रमाणे तिकडं परत मिळतात. फी नव्हे, पोराचाच जेवणखर्च. पण आज बारा लाखांच्या घरातली रक्कम एका दमात उभी करायची. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँक तारण मागते. इथं घोटाळा होतो, कारण तीन एकर उसाचा सातबारा घेऊन आलेल्या बापाला शेतजमीन तारण चालत नाही हे बँकेच्या दारात कळतं. एनए प्लॉट असलेला सुटतो, दोन एकर जास्त असलेला अडकतो. मग पतसंस्था. इंग्लंडचा व्हिसा असेल तर तिथली ठेव दाखवून भागेलच असं नाही. पैसे कुठल्या नियामकाखालच्या संस्थेत आहेत, सलग 28 दिवस आहेत का, हे तिकडं बघतात.

कागलात बसून शिष्यवृत्तीबद्दल न लिहिणं बरं दिसणार नाही. शाहू महाराज कागलच्या घाटग्यांच्या घरातले. 1920 मध्ये बाबासाहेब अपुरं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले, तेव्हा महाराजांनी पैशाची मदत केली होती. त्यांच्या नावाची राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या 75 मुलांना मिळते. ‘सारथी’नंही मराठा, कुणबी मुलांसाठी 75 जागांची योजना काढली. दोन्ही चांगल्या. पण दोन्हींना क्यूएस या जागतिक विद्यापीठ यादीतल्या वरच्या क्रमांकाची अट आहे. आखेन त्या यादीत वर आहे, फ्रायबर्ग त्या अटीत बसत नाही. म्हणजे फौंड्री शिकायला जगातल्या जुन्या जाणत्या जागी जायचं, तर फौंड्रीवाल्याच्या पोराला ही मदत नाही. अट विद्यापीठाच्या क्रमवारीची आहे, विषयाच्या नाही, हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी मान डोलावली.

तर ती मुलगी. मी तिला म्हटलं, एक वर्ष थांब. पत्र हातात आलंय, पुढच्या खेपेला 2.37 धरतील, तोवर जर्मन शीक. तिचे वडील काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांत दुसरीकडून बर्लिनच्या एका खासगी कॉलेजात प्रवेश झाला. गावठाणातलं घर गहाण पडलं. मला राग आला होता, आणि तो धंद्याचाही होता हे नाकारत नाही.

राग गेला, प्रश्न राहिला. ‘एक वर्ष थांब’ हे मी मुलांनाही सांगतो. मुलगा थांबतो म्हणजे आणखी एक वर्ष शिफ्ट करतो, चार पैसे साठवतो. मुलगी थांबते तेव्हा घरात स्थळं येऊ लागतात. माझ्या तक्त्यात दोघांची वर्षं सारखीच मांडलेली असतात. तिच्या वडिलांना हे त्या दिवशी दिसलं असावं, मी 2.37 आणि 2.65 मध्ये होतो. तरीही मी त्यांना तोच सल्ला दिला असता का? बहुधा हो. गहाण घराचे हप्ते मी पाहिलेत.

ती आता वर्षाला चालतात तेवढे 140 दिवस काम करते, हप्त्यातला काही भाग तिथून पाठवते. कॉलेजला सरकारी मान्यता आहे, त्यामुळं पदवीनंतर नोकरी शोधायला इतरांसारखेच 18 महिने तिला मिळतील. त्या राहण्याच्या परवान्यावर कॉलेजच्या फीचा आकडा छापत नाहीत. मध्यंतरी कास्टिंग सिम्युलेशनच्या एका कंपनीत मुलाखत झाली. काम येतं, भाषा नाही, असं म्हणून त्यांनी परत पाठवलं. बी-टू पातळीचं जर्मन हवं होतं, हिचं ए-टू. मी फोनवर म्हटलं, संध्याकाळचा वर्ग लाव.

‘सर, तुम्ही थांबायला सांगितलेल्या वर्षात बी-वन झालं असतं,’ ती म्हणाली. ‘आणि लग्नही.’

वर्गाची फी किती ते ती विचारून कळवणार आहे.