कळकलेली तार

दापोलीहून हर्णैकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. पावसाळ्याचे चार महिने पाणी, उरलेले आठ महिने खारा वारा. या हवेत मोटरसायकलचं इंजिन टिकतं, वायरिंग टिकत नाही. म्हणून पंधरा-सोळा वर्षं मी एकच उपाय करत आलो. वायर जोडणाऱ्या कपलरवर सिलिकॉनचा थर, त्यावर काळ्या टेपचे चार वेढे. पाण्याला आत शिरायला जागाच ठेवायची नाही. गिऱ्हाईकही ते बघून समाधानाने जायचं. ते काम चुकीचं होतं, असं आज मी मानतो.

माझे डोळे उघडले ते एका गुरुजींच्या गाडीने. भर पावसातली रात्र, आसूदच्या उतारावर हेडलाइट गेला. मागे त्यांची पत्नी बसलेली. दोघं घसरले, खरचटण्यावर निभावलं. सकाळी गाडी घेऊन आले आणि आवाज न चढवता एवढंच म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी तुम्हीच बांधून दिलं होतं हे."

मी टेप कापला तर आतून पाणी निथळलं. पिना हिरव्या पडलेल्या. वायरचं आवरण सोलत गेलो, तर तांबं वीतभर आतपर्यंत काळं, बोटांत चुरगळणारं. कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं, तशी ती तार कळकली होती. त्या दिवशी दुसरं काम हाती घेववलं नाही.

इतकं बांधूनही पाणी शिरलं कुठून? दिव्यामागची जागा तापते, आतली हवा फुगून बाहेर पडते. मग गार पाऊस पडला की उरलेली हवा आकसते आणि वायरच्या कडेने ओलावा आत ओढून घेते. एकदा आत आलं की तारेच्या बारीक तंतूंतून ते वातीतल्या तेलासारखं पुढे चढतं. उघड्या कपलरमधलं पाणी उन्हात सुकून तरी जातं, माझ्या टेपखालचं सुकत नव्हतं. सिलिकॉन तर मी बाथरूमच्या फटी भरायचं वापरत होतो. ते वाळताना व्हिनेगरचा वास येतो, कारण त्यातून अॅसिटिक आम्ल सुटतं आणि ते तांब्याला खातं. पिनेजवळ ते मीच कोंडत होतो.

ग्रीसबद्दलचं माझं मत मोडायला मात्र हर्णै बंदरावर जावं लागलं. तिथे होड्यांचं वायरिंग करणारे एक वयस्कर मिस्त्री प्रत्येक जोडाला ग्रीस लावतात. माझ्याकडच्या एका पोराने तसं केलं होतं तेव्हा मी त्याला चारचौघांत झापलं होतं, की ग्रीसमधून करंट जात नाही. मिस्त्रींनाही मी तेच सांगितलं. "बरोबर आहे भाऊ, जात नाहीच," ते म्हणाले, "पण आधी मीटर लावून बघा." दिवा चालू ठेवून जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटर लावला. ग्रीस नसताना आणि ग्रीस लावल्यावर काटा तेवढाच हलला. पिन सॉकेटमध्ये घट्ट बसते तेव्हा धातू धातूला टेकतो तिथलं ग्रीस दाबाने बाजूला सरकतं. राहतं ते आजूबाजूच्या पोकळीत, म्हणजे पाणी साचायचं तिथे. करंट न जाणं हा त्याचा गुणच, शेजारच्या दोन पिनांमध्ये ते गळती होऊ देत नाही. त्या पोराची मी नंतर माफी मागितली.

आणखी एक चूक कबूल करायची आहे. पिन काळी दिसली की मी पॉलिश पेपरने घासायचो. गाडीतल्या पुष्कळ पिना पितळेच्या असतात आणि त्यांवर कथलाचा पातळ मुलामा असतो, आपल्या भांड्यांच्या कल्हईसारखाच. तो मी हाताने खरवडून काढत होतो. आता क्लीनर आणि मऊ ब्रश, आणि मुलामा गेलेला असेल तर पिनच नवी. सॉकेट सैल असेल तर आधी घट्ट करतो, कारण सैल जोड ग्रीसने सुधारत नाही. मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. पेट्रोलियम जेली बॅटरीच्या टोकांना चालते, पण काही रबरी सीलं तिने फुगतात, म्हणून कपलरमध्ये वापरत नाही. स्विचच्या आतल्या, ठिणगी पडणाऱ्या संपर्कांना सिलिकॉन ग्रीस लावत नाही, तिथे ते जळून कडक थर धरतं. कपलरचं तोंड खाली राहील आणि वायर खालून वळसा घेऊन वर येईल अशी बांधतो, म्हणजे पाणी वळणावरून ठिबकून जातं.

हे बारीक काम वाटेल. पण 35 वॅटच्या बल्बला सुमारे 3 अँपिअर लागतात. जोडात अर्ध्या ओहमचा अडथळा आला की जवळजवळ दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो आणि हॅलोजन दिव्याचा प्रकाश साधारण एक-तृतीयांशाने उतरतो. 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत तर इंजिनच सेन्सरवर चालतं. तिथे 5 व्होल्टमधला थोडासा फरकही गाडी बंद पाडू शकतो.

आता दर वर्षी मृगाच्या आधी जुन्या वहीतले नंबर काढून फोन करतो. गाडी घेऊन या, माझंच बांधकाम सोडवायचं आहे, पैसे नाहीत. बहुतेक जण येतात. गुरुजींचा कपलर गेल्या जूनमध्ये उघडला, पिना स्वच्छ होत्या. दोन गाड्या मात्र विकल्या जाऊन मुंबईकडे गेल्या आहेत. कुणाकडे, ते विकणाऱ्यांनाही सांगता येत नाही. पावसाची पहिली सर आली की माझ्या टेपचे ते वेढे आठवतात.