संध्याकाळी दिसणारी सूज

आमच्या बपेरा गावात बकरी पाळणं शिकावं लागतं, असं कुणाला वाटतच नाही. लहानपणापासून कोठ्यात वावरलेल्यांना ते आपोआप येतं. मी लग्न होऊन शहरातून आले, त्यामुळे बकरी आजारी आहे की नुसतीच निवांत बसली आहे, हेही मला कळत नव्हतं. ती मुद्दाम लपवतेही. कळपातलं जनावर अशक्त दिसलं की शिकारी प्राणी त्यालाच हेरतो. म्हणून उभं राहवतं तोवर बकरी दुखणं दाखवत नाही.

पावसाळ्यात एकदा आमची काळी बकरी धानाच्या बांध्यांकडून चरून आली, तर तिच्या जबड्याखाली लोंबती सूज. बोटाने दाबली की खळगा पडायचा आणि हळूहळू भरून यायचा. रात्री झोप लागली नाही. सकाळी पाहते तर सूज जवळजवळ ओसरलेली, आणि संध्याकाळी पुन्हा तेवढीच. चारा खात होती, रवंथ करत होती, लेंड्याही घट्ट. कुणी काटा रुतला म्हणालं, कुणी घटसर्प. पण घटसर्पात जोराचा ताप येतो, घशातून घरघर होते. इथे तसं काहीच नव्हतं.

शेजारच्या आजी एवढंच म्हणाल्या, "डोरा उलटून पाह्य, बाई."

खालची पापणी ओढून पाहिली. आतून कागदासारखी पांढरी. लगेच दुसऱ्या बकरीची पाहिली, ती लालसर गुलाबी. तो फरक पाहून माझ्या पोटात गोळाच आला.

पशुवैद्यकीय दवाखान्यात लेंड्या तपासल्या आणि जंत निघाले. हिमॉन्कस नावाचा हा जंत बकरीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पितो. रक्तातली प्रथिनं घटली की पाणी बाहेर झिरपतं. दिवसभर मान खाली घालून चरताना ते जबड्याखाली साचतं, रात्री मान वर असली की उतरतं. नुसत्या या जंताने बहुधा हगवणही लागत नाही, म्हणून लेंड्यांवरून काही ओळखता येत नव्हतं. पापणीचा रंग पाहण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत पाच छटांचं कार्ड तयार झालं आहे. आमच्या आजींना त्या छटा नजरेनेच कळतात.

औषध वजनावर ठरतं. अर्धवट मात्रेने चिवट जंत उरतात आणि पुढे तेच औषध चालेनासं होतं. गाभण बकरीला, त्यातही सुरुवातीच्या दिवसांत, अल्बेंडाझोल देऊ नये. जंतांची पिल्लं ओल्या गवताच्या पात्यांवर चढून बसतात, म्हणून दव सुकल्यावरच आता बकऱ्या सोडते. सूज लवकर उतरली. पापणी लाल व्हायला मात्र बराच वेळ गेला.

पोटफुगीत इतका वेळ मिळत नाही. डावी कूस नगाऱ्यासारखी ताणली की तडक डॉक्टर गाठायचा. धानाची मळणी चालू असताना बकरी राशीत तोंड घालणार नाही, हे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं, कारण जास्त दाणा पोटात आंबतो. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, आणि पीपीआरचीही चुकवायची नाही. पीपीआरमध्ये ताप येतो, नाक-डोळे वाहतात, तोंडात फोड येतात, हगवण लागते आणि सगळा कळप धोक्यात येतो.

खोकला मला अजून उमगत नाही. तणसाच्या धुळीने बकरी ठसकते, फुप्फुसाला सूज आली तरी ठसकते. अशा वेळी मी थर्मामीटर लावते. पारा 104 फॅरनहाइटच्या वर गेला किंवा धाप दिसली, की सरळ 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करते.