स्पीड वाढवा, पण ओलावाही मोजा!

एप्रिल आला की दोन पारे एकदम चढतात. एक बाहेरच्या उन्हाचा आणि दुसरा ऑफिसातल्या अप्रेझलचा! एचआरचा मेल येतो, फॉर्म उघडतो आणि समोर तो जीवघेणा कॉलम असतो, ‘या वर्षीचं तुमचं ध्येय (मोजता येईल असं)’. मग सुरू होतं डोकं खाजवणं. ‘मेहनत करीन’ लिहावं? चालत नाही. ‘क्वालिटी सुधारीन’? मोजणार कशी? आकडा पाहिजे बॉस, आकडा!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक आकडा अगदी आयता सापडतो. डिप्लॉयमेंटचा. डिप्लॉयमेंट म्हणजे लिहिलेला कोड मशीनवरून उचलून खऱ्या वापरणाऱ्यांपर्यंत पोचवणं. मागच्या वर्षी महिन्यातून एकदा करत होतो, यंदा दर आठवड्याला करू. झालं! एफिशियन्सी चौपट. पीपीटीत तो चढता ग्राफ काय झकास दिसतो!

फक्त एक लोचा आहे. हा आकडा शंभर टक्के खरा असूनही साफ खोटं बोलू शकतो. आणि हे मला कुठल्या सर्टिफिकेशन कोर्सनं नाही, यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसानं शिकवलं.

पाणी मारलेला कापूस

माझं गाव दारव्हा तालुक्यातलं. घरी कापूस. पुण्यातल्या माझ्या नोकरीत नेमकं काय चालतं, हा आमच्याकडे फोनवरचा कायमचा विषय. एकदा बाबांना सांगत होतो, की यंदा टीमनं किती रिलीज केले त्यावर रेटिंग ठरणार आहे. बाबा लगेच म्हणाले, “मंग त सोपं हाय लेका. नुसतं वजनच पाहाचं असन तं मारून दे ना कापसावर पाणी!”

ज्यांनी कापूस फक्त शोरूममध्ये पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो. कापूस क्विंटलवर विकला जातो. त्यावर पाणी शिंपडलं की वजन वाढतं. काट्यावरचा आकडा तंतोतंत खरा असतो, पण कापूस मात्र तेवढाच! वर असा ओला माल ढिगात तापतो, पिवळा पडतो तो वेगळाच. म्हणून खरेदी केंद्रावर नुसता काटा चालत नाही, ओलावा मोजायचं मीटरही लागतं. सीसीआय, म्हणजे कापूस महामंडळाचा हिशेब ठरलेला आहे. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव. ८ ते १२ टक्के असेल तर त्या प्रमाणात कपात. १२च्या वर गेला, की गाडी परत!

म्हणजे बघा, पहिला आकडा सांगतो माल किती आला. दुसरा सांगतो, त्यात खरा माल किती. दुसरा नसेल तर पहिल्याला काही अर्थच नाही. अर्थशास्त्रात यालाच ‘गुडहार्टचा नियम’ म्हणतात. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५मध्ये चलनाच्या धोरणाबद्दल तो मांडला. सोप्या मराठीत, एखादं माप हेच टार्गेट झालं की ते माप कामातून गेलं. बाबांनी गुडहार्ट वाचलेला नाही. त्यांना मार्केट यार्ड पुरलं.

चार आकड्यांचा फंडा

आता आपल्या धंद्यातला काटा आणि मीटर कुठला? याचं उत्तर चक्क तयार आहे. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांचं ‘ॲक्सिलरेट’ नावाचं पुस्तक २०१८मध्ये आलं. सॉफ्टवेअर टीम्सच्या अनेक वर्षांच्या सर्व्हेंवर ते आधारलेलं आहे. त्यात चार आकडे मोजायला सांगितलेत.

पहिले दोन स्पीडचे. आपण किती वेळा डिप्लॉय करतो? आणि कोड लिहून सबमिट केल्यापासून तो लाइव्ह जाईपर्यंत किती वेळ लागतो? पुढचे दोन भरवशाचे. शंभर बदलांपैकी किती बिघडतात? आणि बिघडल्यावर गाडी पुन्हा रुळावर यायला किती वेळ लागतो?

आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, ‘अति घाई संकटात नेई’. हायवेवर ते बरोबरच आहे. पण या अभ्यासात उलटं चित्र दिसलं. ज्या टीम्स सारख्या डिप्लॉय करत होत्या, त्यांचंच बिघडायचं प्रमाण कमी होतं आणि बिघडलं तरी त्या लवकर सावरत होत्या. कारण साधं आहे. रोज थोडं थोडं पाठवलं, की बिघाड शोधायची जागाही थोडीच असते. सहा महिन्यांचं काम एका शुक्रवारी रात्री सोडलं, तर बग शोधणार कुठे? गवताच्या गंजीत सुई!

कापूसही कुणी एकदम वेचत नाही. बोंडं फुटतील तशी पहिली वेचणी, मग दुसरी, मग तिसरी. सगळी फुटायची वाट बघत बसलं, तर आधी फुटलेला कापूस पावसात भिजेल नाहीतर मातीत पडेल.

आणि घाईघाईत, न तपासता सोडलं तर काय होतं? अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीला विचारा. १ ऑगस्ट २०१२. आठ सर्व्हरवर नवा कोड जायला हवा होता, सातवरच गेला. आठव्यावर जुना तसाच राहिला. बाजार उघडला आणि जेमतेम ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. डिप्लॉयमेंट ‘झालं’ होतं. आठांपैकी आठ सर्व्हरवर झालं का, हे मोजलं नव्हतं.

एक राज्य, दोन याद्या

अमेरिका लांब राहिली, घरचंच उदाहरण घेऊ. राजकारण जरा बाजूला ठेवा हं, आपण फक्त डिप्लॉयमेंट बघतोय.

जून २०१७मध्ये राज्यात कर्जमाफी जाहीर झाली. दीड लाखांपर्यंत, छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. अर्ज ऑनलाइन. नवरा-बायको दोघांची माहिती, आधार, बोटांचे ठसे. यवतमाळसारख्या जिल्ह्यात सेवा केंद्रांपुढे रांगा, सर्व्हर हँग, अंगठा उमटत नाही, सगळं सगळं झालं. टार्गेट होतं दिवाळीचं, आणि तारीख पाळली गेली! १८ ऑक्टोबर २०१७ला समारंभात प्रमाणपत्रं वाटली. पण मग याद्यांमधल्या चुका वर यायला लागल्या. बँकांची माहिती आणि अर्जातली माहिती जुळेना, आणि खऱ्या पैशासाठी अनेकांना पुढे ताटकळावं लागलं. तारीख हा मोजता येणारा आकडा होताच की! पण यादी किती टक्के बरोबर आहे, याचं मीटर त्याच्या शेजारी नव्हतं.

डिसेंबर २०१९मध्ये दुसरी योजना आली, महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाची, दोन लाखांपर्यंत. या वेळी आधी बँकांकडून खाती घेतली. २४ फेब्रुवारी २०२०ला पहिली यादी लागली ती फक्त ६८ गावांची. जिल्ह्यातली जेमतेम दोन गावं! खाती १५ हजारांच्या आसपास. शेतकऱ्यानं केंद्रावर जायचं, स्क्रीनवर आपली रक्कम बघायची, पटली तर आधारनं होकार द्यायचा. नाही पटली तर तक्रार जिल्हा समितीकडे. त्यानंतर आलेली दुसरी यादी २१ लाखांहून जास्त खात्यांची होती. पुढे कोरोनानं वेळापत्रक बिघडवलं, तो भाग वेगळा.

आमच्या भाषेत याला ‘कॅनरी रिलीज’ म्हणतात. आधी थोड्या लोकांना द्या, चुका मोजा, मग सगळ्यांना सोडा. कोळशाच्या खाणीत विषारी वायू कळावा म्हणून कॅनरी पक्षी नेत, त्यावरून हे नाव पडलं. यवतमाळ जिल्ह्यात वणीला कोळसा आहेच, त्यामुळे नावही आपल्याला परकं नको वाटायला!

यातली मला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. आपल्या डॅशबोर्डवर ‘फेल्युअर’ ही एक लाल रेघ असते. तिकडे ती एक माणूस असते, जो दिवसाची मजुरी बुडवून केंद्रावर आलाय आणि ज्याला ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलंय. लाल रेघ लहान करायची ती त्या माणसासाठी. ग्राफ त्यानंतर.

वेळ जातो कुठे?

गोल ठरवण्याआधी मी एक उद्योग केला. एका छोट्याशा बदलाचा प्रवास वहीत लिहून काढला. स्क्रीनवरचे दोन शब्द बदलायचे होते, बस! कोड लिहायला अर्धा तास लागला. लाइव्ह गेला अकराव्या दिवशी. मधल्या दिवसांत काय झालं? दोन दिवस रिव्ह्यूची वाट. तीन दिवस टेस्टिंगचं मशीन दुसऱ्या टीमकडे. मग अप्रूव्हल देणारे साहेब रजेवर. मग शनिवार-रविवार. मग ‘मंथ एंड आहे, आता नको’.

कामाला लागलेला वेळ चिमूटभर, बाकी सगळी वाट बघणं. अशा ठिकाणी पोरांना ‘फास्ट टाइप करा’ सांगून काय होणार? तुम्हीही करून बघा. एकच बदल पकडा आणि त्याच्या मागे मागे फिरा. वही आणि पेन पुरतं, महागडं टूल लागत नाही.

फॉर्ममध्ये काय लिहाल?

समजा, मागच्या तिमाहीत तुमच्या टीमनं १२ रिलीज केले आणि ३ बिघडले. म्हणजे बिघाड २५ टक्के. आता ‘रिलीज दुप्पट’ एवढंच टार्गेट घेतलं आणि २४पैकी ६ बिघडले, तर टक्केवारी तीच राहिली, पण रात्री जागायच्या वेळा दुप्पट झाल्या! म्हणून लिहा असं: ‘रिलीज १२वरून २४. बिघडलेले जास्तीत जास्त ३. आणि बिघडलं तर एका तासात पूर्ववत.’ आता कुणी पाणी मारायचं म्हटलं, तरी मीटर पकडणारच.

आणखी दोन पथ्यं. एक, आजचा आकडा आधी मोजा, मग उद्याचा ठरवा. दुसऱ्या कंपनीचा आकडा उचलू नका. फ्लिकरच्या दोन इंजिनिअर्सनी २००९मध्ये ‘आम्ही दिवसाला दहाहून जास्त डिप्लॉय करतो’ असं भाषण केलं आणि जगभर खळबळ उडाली. पण ते आपल्या वाटेनं तिथवर पोचले होते. दुसरं पथ्य, आकडा टीमचा ठेवा, एकट्यादुकट्याच्या इन्क्रिमेंटला बांधू नका. नाहीतर बिघाड दुरुस्त होण्याऐवजी लपायला लागतात. ‘तो बग नाहीच, फीचर आहे’ हे वाक्य कुठून आलं असेल?

मी माझ्या फॉर्ममध्ये जोडीचेच आकडे लिहिले. मॅनेजरनं वाचून भुवया उंचावल्या. “क्लायंटला फक्त रिलीज वाढवून हवेत. हे दुसरे दोन कशाला?” मी त्यांना ओलाव्याची गोष्ट सांगितली. साहेब निघाले जळगावकडचे, घरी कापूसच! हसले, आणि ‘अप्रूव्ह’चं बटण दाबलं. मग म्हणाले, “८ ते १२च्या मधे आलास, तर कपात करीन हं!”

जूनअखेर पहिली तिमाही संपते. तोवर गावाकडे पेरण्या सुरू झालेल्या असतील. बाबांनी आत्ताच विचारून ठेवलंय, “क्विंटलं किती झाले ते सांगू नको. ओलावा किती निंघाला ते सांग.”