दाखवायचे दांत

हत्तीचे खायचे दांत निराळे आणि दाखवायचे निराळे, ही म्हण आपण लबाड माणसाला उद्देशून वापरतों. हत्तीवर त्यांत थोडा अन्यायच होतो. कारण त्याचे दाखवायचे दांत त्याला निसर्गानें दिलेले असतात, त्यानें ते कोठें जाऊन बसवून घेतलेले नसतात. मनुष्यानें मात्र अलीकडे या बाबतींत हत्तीवर ताण केली आहे.

हा विषय आमच्या डोक्यांत शिरला तो भाचीच्या लग्नामुळें. मुलगी चोवीस वर्षांची, शिकलेली, मिळवती. समोरच्या दोन दांतांत बारीकशी फट, आणि शेजारच्या एका दांताचा टवका लहानपणीं झोपाळ्यावरून पडून उडालेला. इतकीं वर्षें कोणाचें तिकडे लक्ष गेलें नव्हतें. पण लग्न तीन महिन्यांवर आलें आणि फोटो काढणाऱ्यापासून सासरकडच्या एका मावशींपर्यंत सर्वांना ती फट एकाएकीं दिसूं लागली. एका दंतवैद्यांनीं तर वरचे दहा दांत घांसून त्यांवर पोर्सेलेनचे पापुद्रे, म्हणजे व्हिनियर, बसविण्याचा बेत संगणकाच्या पडद्यावर रंगवून दाखविला. तें चित्र घेऊन मुलगी आमच्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, करूं का?"

सुंदर दांत म्हणजे कोणते, याविषयीं जगाचें एकमत कधींच नव्हतें. जपानांत शेंकडों वर्षें कुलीन स्त्रिया लोहाच्या द्रावणानें दांत काळे करीत. १८७० मध्यें तेथील सरकारनें सरदारवर्गास ही चाल बंद करावयास लाविली, १८७३ मध्यें सम्राज्ञी पांढऱ्या दांतांनीं लोकांपुढें आली, आणि पाहतां पाहतां काळा दांत गांवढळपणाचें लक्षण ठरला. आपल्याकडेही दांतवण लावून काळे केलेले दांत हें सौभाग्याचें लेणें समजत. आमच्या पणजीचे तसे होते असें घरांत सांगतात. संस्कृत कवींनीं कुंदकळ्यांची उपमा कितीही आळविली असली, तरी त्यामुळें पणजीचें कांहीं अडलें नाहीं.

आजची शुभ्र, एकसारखी दंतपंक्ति बरीचशी हॉलिवुडची देणगी आहे. १९३० च्या सुमारास चार्ल्स पिंकस नांवाचे दंतवैद्य नटनटींसाठीं पातळ कवच्या तयार करीत. चित्रीकरणापुरत्या त्या दांतांवर चिकटवावयाच्या आणि काम संपतांच काढून ठेवावयाच्या. त्यांनीं जेवतां येत नसे. म्हणजे ते शब्दशः दाखवायचे दांत होते, आणि त्यांच्याखालीं खायचे दांत जसेच्या तसे शाबूत असत. पुढें १९५५ मध्यें ब्युओनोकोर यांनीं दाखवून दिलें कीं, फॉस्फोरिक आम्लानें दांताचा पृष्ठभाग किंचित् खरखरीत केला म्हणजे त्यावर कृत्रिम राळ घट्ट धरते. १९८० नंतरच्या दशकांत पोर्सेलेनही याच रीतीनें कायमचें चिकटूं लागलें. तेव्हांपासून दाखवायच्या दांतांनीं खातांही येऊं लागलें. मात्र त्यांना जागा करून देण्यासाठीं बहुधा खालचा खरा दांत घांसावा लागतो.

आमचें अडतें तें येथें. केंस कापले तर वाढतात, नखें वाढतात, मोडलेलें हाडही जुळून येतें. पण दांतावरचें इनॅमल एकदां गेलें कीं गेलें. तें घडविणाऱ्या पेशी दांत हिरडीबाहेर येतो तेव्हांच नाहींशा झालेल्या असतात. पुढच्या दांतावर त्याचा थर असतो मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी, आणि व्हिनियरसाठीं त्यांतलें अर्धा मिलिमीटर तरी पुष्कळदां जातें. बरें, तो पापुद्रा तरी जन्माचा सोबती असावा! तो साधारण दहापंधरा वर्षांनीं बदलावा लागतो. चोविसाव्या वर्षीं बसविला तर साठीपर्यंत दोनतीनदां तरी. आणि प्रत्येक वेळीं दहांचा हिशेब.

याचा अर्थ या विद्येचा आम्ही तिटकारा करितों असा कोणी करूं नये. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गांवांत विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यांत फ्लोराइड अधिक असतें. दांत घडत असण्याच्या वयांत तें पाणी पोटांत गेलें कीं दांतांवर पिंगट डाग उमटतात, आणि ते घांसून निघत नाहींत. हंसतांना तोंडावर हात धरण्याची संवय लागलेलीं तरुण माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांनीं ब्लीचिंग केलें, वरचा थर हलकेच घांसून घेतला, किंवा डाग फारच खोल असल्यास व्हिनियर बसविले, तर त्याला चैन म्हणणें निर्दयपणाचें होईल. दहा निरोगी दांतांची गोष्ट निराळी.

म्हणून आम्हीं मुलीला दुसऱ्या एका दंतवैद्य बाईंकडे पाठविलें. बाईंनीं व्हिनियरचें नांवच काढलें नाहीं. त्यांनीं दांतांच्या मापाचा पातळ साचा करून दिला. दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचा लेप त्यांत भरून मुलीनें तो दोन आठवडे रात्रीं घातला. हें द्रव्य इनॅमलमधून आंत झिरपतें व रंगीत कण फोडतें. कांहीं दिवस थंड पाण्यानें दांत शिवशिवले, तेवढेंच. परिणाम कायमचा नसतो, हेंही बाईंनीं आधींच सांगून ठेविलें होतें. त्यानंतर आणखी दोन आठवडे थांबून मोडक्या दांतावर काँपोझिटचें लिंपण केलें. क्रम असाच हवा. कारण काँपोझिट ब्लीच होत नाहीं, आणि आधीं लिंपण केलें तर भोंवतालचा दांत उजळून ठिगळ उघडें पडतें. रंग जुळविण्यासाठीं बाईंपाशीं सोळा नैसर्गिक छटांची पट्टी होती. त्यांहूनही पांढऱ्या, कोणाच्याही तोंडांत न उगवणाऱ्या छटा अलीकडे कारखानदारांनीं काढल्या आहेत, आणि त्यांनाही गिऱ्हाईक आहे असें कळतें.

राहिली फट. ती दोन्ही बाजूंस काँपोझिट चढवून बुजवितां येते, किंवा तारेनें वा पारदर्शक अलाइनरनें दांत सरकवून. पण सरकविण्याला महिने लागतात. मुलीनें आरशासमोर बराच वेळ घालविला, होणाऱ्या नवऱ्यालाही विचारलें. "कसली फट?" असें त्यानें विचारल्याचें ऐकतों. तिचें पुढें सवडीनें पाहूं, असें तिनें बाईंना कळविलें. मावशींना तें अद्याप कोणीं कळविलेलें नाहीं.