मी आणि मला

'आय मिस यू' हे रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी वाक्य इटालियनमध्ये नेताना पहिल्याच पावलाला 'मी'ला आपली जागा सोडावी लागते. इटालियन माणूस म्हणतो, 'मि मांकी'. शब्दांमागे शब्द ठेवले तर, तू मला उणी पडतेस. वाक्याचा कर्ता दूर गेलेलं माणूस. मागे राहिलेला जीव नुसता 'मला' होऊन उरतो. इंग्रजीतून येणारा नवशिका सवयीने 'मी'ला कर्ता करतो आणि 'ति मांको' म्हणून जातो. अर्थ होतो, मी तुला उणा पडतो. विरह याचा, पण तो जाऊन बसतो समोरच्याच्या पदरात!

इटालियनमधल्या 'मि'चा अर्थ 'मला', हा मराठी कानाला गोड वाटणारा योगायोग. 'मि प्याचे', मला आवडतं. 'मि दिस्प्याचे', मला वाईट वाटतं. इंग्रजी माणूस आवडण्याचं काम स्वतः करतो. इटालियन आणि मराठी माणसाकडे आवड चालून येते. इंग्रजीतही एके काळी ही रीत होती. शेक्सपिअरच्या पात्रांच्या तोंडी येणारं 'मिथिंक्स' म्हणजे 'मला वाटतं'च. पुढे तिथला 'मला' मागे पडला. मात्र भीती, भूक आणि थंडी इटालियन माणूस जवळ बाळगतो: 'ओ पाउरा', माझ्याजवळ भीती आहे. आपल्याकडे भीती वाटते, भूक लागते, थंडी वाजते. प्रत्येकीला आपापलं क्रियापद.

शिवाय भावना भाषांतरित करताना शब्दाआधी माणूस ओळखावा लागतो. 'आय अ‍ॅम टायर्ड' हे कोण म्हणतंय, ते इंग्रजी सांगत नाही. इटालियनमध्ये पुरुष 'स्तांको' असतो, बाई 'स्तांका'. आपल्या 'दमलो' आणि 'दमले'सारखंच. बोलणारं माणूस डोळ्यांसमोर नसेल, तर हे तीन शब्दांचं वाक्यसुद्धा पुढे सरकत नाही.

सर्वांत अवघड जागा प्रेमाची. इटलीत परदेशी सिनेमे 1930च्या दशकापासून इटालियन आवाजांत ऐकले जातात. ते संवाद बेतणाऱ्याला 'दियालोगिस्ता' म्हणतात. समजा, अमेरिकन सिनेमातला बाप लेकीला निरोप देताना 'आय लव्ह यू' म्हणतो. 'ति आमो' तेवढ्याच तीन उच्चारखंडांचं, पडद्यावरच्या ओठांवर नेमकं बसणारं. पण ते प्रियकर-प्रेयसीचं, नवरा-बायकोचं बोलणं. लेकीला, आईला, जिवलग मित्राला म्हणायचं ते 'ति वोल्यो बेने', तुझं भलं चाहतो. त्याचे उच्चारखंड पाच. बापाचे ओठ मिटायच्या आत ते बसवायचे, आवाजात घाई दिसू द्यायची नाही आणि लेकीला मिळणारं प्रेम बापाचंच राहिलं पाहिजे. एवढ्या निगुतीने केलेलं काम प्रेक्षकाला जाणवतही नाही.

काही ठिकाणी शब्दाचा मोह आवरावा लागतो. उत्सुकतेने म्हटलेल्या 'आय अ‍ॅम एक्सायटेड'साठी 'एच्चितातो' हा जवळचा दिसणारा शब्द उचलला, तर भलताच शारीरिक अर्थ डोकावतो. इटालियन माणूस म्हणतो, 'नोन वेदो लोरा': ती घटकाच दिसत नाहीये. सुट्टीत घरी निघालेल्या मुलाच्या तोंडी आपण काय घालू? 'कधी एकदा घरी पोचतो असं झालंय.' दोन्ही भाषांत सगळी तगमग त्या न येणाऱ्या वेळेभोवती घुटमळते.

इटालियन कादंबऱ्या आपल्याकडे बहुधा इंग्रजीच्या वाटेने येतात. त्या वाटेवर 'मि मांकी'चं 'आय मिस यू' होतं आणि मराठीत उतरेपर्यंत 'मी तुला मिस करते' होण्याची धास्ती असते. थेट आलं असतं, तर ते 'तुझ्यावाचून मला करमत नाही' या घरच्या वाक्यापाशी सहज पोचलं असतं. इटालियन शिकून तिथलं साहित्य थेट मराठीत आणणारी माणसं म्हणूनच आपल्याला हवीत, आणखी हवीत. भावनेपुढे 'मी'ने बाजूला होऊन 'मला' व्हायचं, हे मराठीला कुणी नव्याने शिकवायला नको. तिच्याजवळ ते आहेच. त्यावर भरवसा ठेवून अनुवादाला बसावं.